एकमताची घंटा

घंटा वाजली तसे मिलिमीटरकाका चहाचा कप टेबलावर टेकवून उठले आणि एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी अशा अवस्थेत, चेहऱ्यावर आतिथ्याचे हसू घेऊन त्यांनी दार उघडले. बाहेर पार्सलवाला उभा होता. पण त्याची पाठ काकांकडे होती. घंटा समोरच्या दाराची होती. काकांनी हसू आवरले आणि आपण याच कामासाठी दार उघडले होते अशा आविर्भावात पायपुसणे उचलून झटकले. अलीकडे ते पायपुसणे इतके झटकले जाई की त्यातली धूळ केव्हाच संपून आता काथ्या गळू लागला होता.

इमारत बांधणाऱ्याने आठही घरांना एकाच आवाजाच्या घंटा बसवल्या होत्या. इतरांचे त्यामुळे काही अडत नव्हते. कारण अधूनमधून कोणीतरी खरोखरच त्यांच्याकडे येत असे. काकांकडे पत्नी गेल्यापासून कोणी येत नव्हते, आणि दिवसातून अनेकदा त्यांना आशेने उठवून ती घंटा हेच त्यांच्या निदर्शनास आणून देई.

काकांची हयात मानक संस्थेत, विजेच्या खटक्यांची मापे ठरवणाऱ्या समित्यांवर गेली होती. पडदा एका बाजूने लोंबतो असे कोणी म्हटले, की ते किती लोंबतो ते मोजून सांगत. त्यावरून इमारतीने त्यांचे बारसे पुन्हा केले होते. अशा माणसाने एका आवाजाच्या आठ घंटा मुकाट्याने सोसाव्यात, हे शक्यच नव्हते. त्यांनी इमारतीच्या अध्यक्षांना जिन्यातच गाठले. अध्यक्षांचा पंपांचा कारखाना होता, म्हणून सगळे त्यांना कारखानदार म्हणत.

"घंटांचं मानक ठरवायला हवं," काका म्हणाले. "कुठल्या घराला कुठला आवाज, किती मोठा, सगळं."

"त्यात ठरवायचं काय, काका? मी यंत्रं आणायला चीनला जातो ना, तिकडे बघा. कुठल्या मालाचं मानक आधी हवं ते वरून ठरतं. तज्ज्ञ बसतात, मुदत पडते, मानक निघतं, कारखाने कामाला लागतात. चुकलं तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती."

"आणि चुकलेल्या आवृत्तीतला माल ज्याच्या घरात गेला, त्यानं काय करायचं?"

"पुढच्या आवृत्तीची वाट बघायची!"

"युरोपात असं चालत नाही," काकांचा आवाज चढला. "तिथे ज्याला ज्याला त्या वस्तूची झळ पोचणार, तो टेबलाशी बसू शकतो. बनवणारा, वापरणारा, विमेवाला. मसुदा निघतो, हरकती येतात, प्रत्येक हरकतीचा निकाल लावावा लागतो. नुसतं बहुमत नाही, एकमताकडे जायचं! आणि एवढं करून बहुधा सक्तीही नाही. पटतं म्हणून लोक पाळतात."

"तोवर घंटा दाबणारा दारातच म्हातारा होतो, त्याचं काय?"

"त्याला मी भूल देऊन ठेवीन," खालच्या पायरीवरून आवाज आला. काकांच्या समोरच्या घरातल्या डॉक्टरीणबाईंनी आयुष्यभर लोकांना भूल दिली होती. निवृत्तीनंतर त्या फक्त जागे करण्याचे काम करीत. "तुम्ही दोघं आधी जिन्यातून बाजूला व्हा. भाजीची पिशवी जड आहे माझी."

कारखानदारांना पंपांची मागणी पुरी करायची होती. "करा तुमची समिती," म्हणून ते निघून गेले.

समिती काकांच्या घरी दर रविवारी बसू लागली. काकांनी नवे कप आणले, खुर्च्या पुसल्या. पहिली बैठक 'दार कशाला म्हणावे' यावर खर्ची पडली. दुसऱ्या बैठकीत वरच्या मजल्यावरच्या गायनमास्तरांनी सर्व प्रस्तावित आवाज बेसूर असल्याची हरकत घेतली. डॉक्टरीणबाईंची हरकत गायनमास्तरांच्या हरकतीवर होती.

"अहो, घंटा आहे ती, मैफल नाही!"

"बाई, कान सगळ्यांना असतात, ऐकणं थोड्यांनाच येतं."

"मला नाडीसुद्धा ऐकू येते. तुमची फार जोरात चाललीय."

काका प्रत्येक हरकत गंभीरपणे ऐकून घेत, आणि एकमत होण्याचा धोका दिसलाच तर स्वतःच एखादे उपकलम सुचवीत. सभा उठल्यावर ते खुर्च्या लगेच भिंतीला लावीत नसत. त्या वेड्यावाकड्या पडलेल्या दिसल्या, की माणसे नुकतीच आत हात धुवायला गेली आहेत असे वाटे. बुधवारपर्यंत ते वाटणे पुरत असे.

मग एका सकाळी कारखानदार परदेशातून आले, ते खोके घेऊनच. "आठ बिनतारी घंटा! प्रत्येकीचं गाणं वेगळं. वायरमन आलाय. दुपारपर्यंत अंमलबजावणी!"

"पण हरकती शिल्लक आहेत," काका क्षीण स्वरात म्हणाले.

"पुढच्या आवृत्तीत बघू," कारखानदारांनी त्यांची पाठ थोपटली. "सुटलात की तुम्ही! किती महिने त्रास काढलात."

काकांनी दुपारी खुर्च्या भिंतीला लावल्या. आता घंटा वाजेल ती दुसऱ्याची आहे हे बसल्या जागी कळणार होते. उठायचेही कारण उरले नव्हते. गैरसमज ही किती सोबत करणारी गोष्ट असते, हे त्यांच्या प्रथमच ध्यानात आले.

संध्याकाळी पार्सलवाल्याने वरच्या मजल्यावर गायनमास्तरांची घंटा दाबली, आणि आठही घरांत आठ निरनिराळी गाणी एकदम सुरू झाली. आठही दारे उघडली. कारखानदार तोंडातल्या घासासकट जिन्यात आले. गायनमास्तर अर्ध्या गालावर साबण घेऊन, कानांवर हात ठेवून ओरडत होते, "कुणीतरी हिचा गळा दाबा!" पार्सलवाला भिंतीला टेकून म्हणत होता, "मी फक्त एकच दाबली हो साहेब!"

"काका, हे काय झालं?" कारखानदारांनी केविलवाण्या मुद्रेने विचारले.

काकांनी चष्मा लावून स्वतःची घंटा उलटी केली. निदानाला क्षणही लागला नाही. घंटांत दोष कसलाच नव्हता. बनवणाऱ्याकडून सगळ्या एकाच बिनतारी संकेतावर निघाल्या होत्या. मागचे बारीकसे बटण दाबून प्रत्येकीला वेगळा संकेत द्यायचा, एवढेच काम घाईत राहून गेले होते. काकांनी सांगण्यासाठी तोंड उघडले, आणि मान वर केली.

जिना माणसांनी भरला होता. कोणी गायनमास्तरांना साबण पुसायला टॉवेल देत होते, कोणी पायरीवरच बसले होते, आणि सगळे काकांकडे पाहत होते.

"प्रश्न गंभीर आहे," काका म्हणाले. जन्मात त्यांनी केलेले हे पहिलेच अशास्त्रीय विधान होते. "घाई नडली. आता एकेका घराची तपासणी, मग चर्चा, मग मसुदा. रविवारी माझ्याकडे बसू."

कारखानदारांनी मान डोलावली. हळूहळू जिना रिकामा झाला. डॉक्टरीणबाई मात्र दाराला टेकून उभ्याच होत्या.

"मागचं बटण दाबून ठेवलं की संकेत बदलतो," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "माझी मी दुपारीच वेगळी करून घेतली होती."

काकांनी हातातली घंटा पाठीमागे लपवली. "पण आत्ता तर तुमचीही वाजली."

"वाजणारच. थोडा वेळ बसून पाहिलं, फार शांत वाटायला लागलं. मग परत होती तशी करून टाकली." त्यांनी दार लोटता लोटता विचारले, "रविवारी किती वाजता? आणि या खेपेला चहात साखर कमी घाला, ही माझी पहिली हरकत."