करंगळीचं धमतरी

आमचे शेजारी ढोमणे काका औषधाची गोळी घेण्याआधी शिट्टी वाजवतात. शिट्टी, गोळी, पाणी, असा क्रम. गल्लीतल्या नव्या भाडेकरूंना हे समजावून सांगण्याचं काम माझ्याकडे असतं. रायपूरला नव्या राज्याच्या मंत्रालयात नोकरी आहे म्हणजे हिला सगळं माहीत असणार, असा लोकांचा समज आहे.

काका रायपूर-धमतरी छोट्या लाइनीवर, म्हणजे नॅरोगेज रेल्वेवर, गार्ड होते. निवृत्तीनंतर काचेचं कपाट एकटेच सरकवायला गेले, काच फुटली आणि डाव्या कोपराशी नस तुटली. करंगळी बधिर झाली. डॉक्टरांनी नस शिवली. ती आता कोपरापासून बोटाकडे हळूहळू वाढत जाणार होती. वाढ लवकर व्हावी म्हणून गोळ्या दिल्या. "फायदा व्हावा, पण खात्री देत नाही," असंही बजावलं. काकांनी फक्त 'लवकर' ऐकलं.

"नस म्हंजे आपली छोटी लाइनच," ते मला म्हणाले. "कोपर रायपूर, करंगळी धमतरी. गोळी म्हंजे इंजिनातला कोळसा. अन् शिट्टीबिगर गाडी सुटते काय व पोरी?"

हातावर टिचकी मारायची. मुंग्या येतात तिथवर नस पोचली, ही डॉक्टरांनी सांगितलेली खूण. झालं! काका दिवसभर टिचक्या मारत हिंडू लागले. "अभनपुर आलं, भैया!" असं वाटेतल्या स्टेशनाचं नाव घेऊन दूधवाल्याला सांगत. तोही बिचारा "हव, बढ़िया" म्हणून सटकायचा.

एकदा मी म्हटलं, "काका, डाव्या करंगळीचं एवढं काय घेऊन बसलात?"

"तुले काय समजते!" काका पहिल्यांदाच माझ्यावर चिडले.

मला समजावलं ते काकूंनी. त्यांना कमी दिसतं. चारचौघांत नवऱ्याचा हात धरायची लाज, म्हणून लग्न झाल्यापासून त्या त्यांची फक्त करंगळी धरतात. नस तुटल्यावर गोल बाजारात त्यांच्या हातून ते बोट सुटलं आणि काकांना कळलंच नाही. कापडाच्या दुकानापर्यंत ते एकटेच गप्पा मारत गेले. परत येऊन पाहतात तर काकू भांडेवाल्याच्या पायरीवर रडत बसलेल्या.

"तवापासून मले बाजारात नेतच नाही," काकू म्हणाल्या.

गेल्या रविवारी काकूंनी हट्टच धरला, म्हणून आम्ही तिघं गोल बाजारात गेलो. काका पुढे, त्यांची करंगळी धरून काकू, मागे मी. भांड्यांच्या गल्लीत अचानक कर्कश शिट्टी वाजली. सायकली थांबल्या, गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. गोळीची तर वेळ नव्हती. काका जागच्या जागी उभे होते.

"बोट काहून सोडलं?" मागे न बघताच त्यांनी विचारलं.

"पदर सावरून राहिली होती ना जी," काकू घाबरून म्हणाल्या. "पण तुमाले कसं समजलं?"

काकांनी डावा हात तसाच मागे धरून ठेवला.

"धर व," एवढंच म्हणाले.

काकूंनी चाचपडत करंगळी शोधली आणि घट्ट धरली. काकांनी पुन्हा शिट्टी ओठांना लावली. या खेपेला अगदी हळू वाजवली, आणि मग दोघं चालू लागले.