लाटणं घरंगळलं नाही

टर्रर्र... टिक्, टिक्, टिक्.

दुपारच्या निजलेल्या घरात मागच्या खोलीतून तो आवाज आला आणि पुनमच्या हातातलं भरताचं वांगं अर्धं सोललेलंच राहिलं. तिच्या नवऱ्याच्या, भूषणच्या सायकलचं चाक! वर्षभरात ते कोणी फिरवलं नव्हतं. ती हात तसेच घेऊन धावली. बघते तर भिंतीला टांगलेल्या सायकलखाली तिची लेक राणू स्टुलावर चढून बोटानं चाक फिरवत होती. पाठीमागे तिचे सासरे, हिलाल आबा, पोरीला रागवायचं सोडून त्या फिरत्या चाकाकडे टक लावून उभे होते.

"प्रेमराजना फोन उना व्हता," आबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "ऐतवारले धुळाथीन गाडी लई येई राहिना. सायकल मांगस."

प्रेमराज म्हणजे भूषणचा चुलतभाऊ. मनानं वाईट नव्हता. दोघे मिळूनच सायकली हाणायचे. पण साध्या वाटलेल्या तापात भूषण गेला, आणि त्यानंतर त्याच्या वस्तूही एकेक करून निघाल्या. कपडे वाटून टाकले, बूट चुलतसासऱ्यांना झाले, कंपनीची बॅग कंपनीनं नेली. चोपड्याच्या त्या घरात आता त्याची म्हणावी अशी ही एक सायकल उरली होती. ग्रॅव्हल बाईक म्हणे. रेसरसारखी हलकी, पण खडी-मातीच्या वाटेवर चालणारी. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं. दर रविवारी तो पहाटे उठून कॅनॉलच्या कच्च्या रस्त्यानं जायचा आणि धुळीनं माखून, लहान मुलासारखा हसत परत यायचा.

"आबा, सायकल नका ना देऊ."

"मंग चालाडस का तू? चालाडता ई ते ठेव. भितवर टांगीसन काय पूजा करनी शे?"

"चालवेन," पुनम म्हणाली. म्हणाली खरी, पण ते सोपं नव्हतं.

कारण भूषण होता ताडमाड आणि पुनम होती बेताची. लग्नात फोटोग्राफरनं तिला पाटावर उभं केलं होतं, तरी फोटोत भूषण वाकलेलाच दिसतो. सीट खाली, अगदी खाली दाबून दुसऱ्या दिवशी तिनं प्रयत्न केला. ओट्यावरून चढली, चार पॅडल मारली, ब्रेक दाबला आणि पाय टेकवायला गेली. जमीन काही सापडली नाही. सायकलसकट ती आडवी झाली ती शेजारच्या बाजेवर, वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांवर, बिबड्यांवर.

"व माय! बठ्ठा बिबडास्ना चुरा!" सासूबाईंनी, बेबाबाईंनी, कपाळावर हात मारला. मग सुनेचं सोललेलं कोपर बघून त्याच हातानं हळद आणायला आत पळाल्या.

अशा वेळी गावात माणूस एकच, सायकल दुकानवाला लोटन. त्याला येत नाही असं काम नव्हतं, आणि त्यानं केलेलं काम पुन्हा करावं लागलं नाही असंही कधी झालं नव्हतं. त्यानं सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"वहिनी, टेन्शन लेवानं नही. चाके धाकला करी टाकसू. सायकल आपोआप खाले इन."

"आणि कॅनॉलच्या मातीत घसरणार नाही ना?"

"त्यावर जाडा टायर! म्हशीना खुरसारखा."

पुनमला पटलं. चाक लहान म्हणजे सायकल ठेंगणी, टायर जाड म्हणजे सायकल भक्कम. यात न पटण्यासारखं काय होतं? लोटननं एका मोडक्या गिअरवाल्या सायकलची लहान चाकं पैदा केली, आणि रविवारी सकाळी पान्यांची पिशवी घेऊन अंगणात बैठक मारली. चाकं बसली, डिस्क ब्रेकही जुळले. भूषणची मोठी चाकं उतरवून भिंतीला टेकवली, तेव्हा पुनम उगाच राणूची वेणी पुन्हा घालायला लागली.

अडलं ते पुढे. भूषणच्या टायरात ट्यूब नव्हती, आत एक पांढरं औषध असायचं. बाभळीचा काटा घुसला की ते औषध भोक बुजवायचं.

"ते औषध तर फोनवरून मागवावं लागेल," पुनम म्हणाली. "आज कुठलं मिळायला?"

"कसाले मांगवतस? केळीना चीक भरसू!" लोटन म्हणाला. "कापडले चिटकना ते जनमभर निघस नही. मंग काटाना भोकले काय सोडी?"

आबा आयुष्यभर केळीत वावरलेले. चिकाचे डाग पडलेले किती सदरे त्यांनी पाहिले होते. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "बात खरी शे."

झालं! मागच्या मळ्यातून खोडं आली, चीक गाळला आणि दोन्ही टायरांत तांब्यातांब्यानं ओतला. लोटन पंप मारायला लागला आणि बघायला शेजारपाजार गोळा झालं. नेमका तेव्हाच प्रेमराज पांढरी शर्ट-पँट घालून गाडीतून उतरला.

"वहिनी, हे काय चाललंय? अहो, इतकी हवा..."

धडाम्!

पुढचा टायर रिमवरून सुटला. अंगणातल्या प्रत्येकाला आपापल्या वाट्याचा चीक मिळाला. आबांच्या टोपीला मिळाला, दोरीवरच्या चादरींना मिळाला, बेबाबाईंच्या हातातल्या लाटण्यालाही मिळाला. प्रेमराजला मात्र पाहुणा म्हणून जरा जास्तच मिळाला. आधी तो नुसता ओला दिसत होता. पण चीकच तो, बघता बघता तपकिरी होत गेला आणि धुळ्याचा पाहुणा बिबट्यासारखा ठिपकेदार झाला.

"हे निघेल ना?" त्यानं रडवेल्या आवाजात विचारलं.

"जनमभर नही," लोटन अभिमानानं म्हणाला.

राणू खो खो हसली. तिच्यामागून बेबाबाई हसल्या, आणि वर्षभरानं त्या घरात हसण्याचा आवाज झाला म्हणून लगेच दचकून पदर तोंडाला लावला. लोटननं गुपचूप ट्यूबा टाकल्या.

सायकल तयार झाली. पुनमनं ओट्यावरून टांग टाकली, सीटवर बसली आणि पाय खाली सोडले. पाय लटकले. जमीन जिथल्या तिथे, पायही जिथल्या तिथे. मध्ये परवाइतकंच अंतर.

"असं कसं?" लोटन डोकं खाजवत म्हणाला. "चाक ते धाकलं शे."

बेबाबाई पुढे आल्या. भिंतीला टेकवलेलं भूषणचं चाक त्यांनी सायकलच्या चाकाशेजारी उभं करायला लावलं आणि दोन्ही टायरांवर हातातलं लाटणं आडवं ठेवलं. सगळे वाकून बघत राहिले. लाटणं घरंगळलं नाही. चाकानं जेवढी उंची कमी केली, तेवढी जाड टायरानं इमानदारीनं भरून दिली होती.

"जाऊ द्या, वहिनी," प्रेमराज हळूच म्हणाला. "मी जपेन. भूषणदादाची म्हणूनच जपेन. उतरताच येत नसेल, तर चालवणार कशी?"

आबांनी मान खाली घातली. 'चालाडता ई ते ठेव' हा बोललेला शब्द त्यांनाही आता जड जात होता.

पुनमनं पुन्हा हँडल धरलं. "मी ओट्यावरून चढले ना, आबा? मग ओट्यावरच उतरेन," ती म्हणाली, आणि कोणी काही म्हणायच्या आत तिनं ओट्याला लाथ दिली.

गल्लीच्या टोकापर्यंत ती नीट गेली. मारुतीच्या पाराला वळसा घालून नीट परतली. पण तोवर तिला नीट बघता यावं म्हणून सगळे ओट्यावर चढून बसले होते. पाय टेकवायला टीचभर जागा नव्हती.

"सरका! अहो, सरका ना!"

"ब्रेक दाबा!" प्रेमराज ओरडला.

"दाबू नको, पडशी!" आबा ओरडले.

"सायकल झकास चाली राहिनी!" लोटन ओरडला.

पुनम तशीच पुढे निघून गेली. मागे बेबाबाईंनी लाटणं उगारून ओटा रिकामा केला. "उठा रे, मन्ही सून कोठे उतरी?"

ती दुसऱ्यांदा आली तेव्हा ओटा मोकळा होता. कडेला एकटी राणू उभी राहून दोन्ही हात हलवत होती. पुनमला सगळं दिसलं. तिची बोटं ब्रेकवर गेलीसुद्धा. आणि मग ती बोटं सुटली.

ती कॅनॉलच्या रस्त्याला लागली. जाड टायर धुळीतून मांजराच्या पावलांनी चालले होते. या रस्त्यानं ती कितीदा पायी गेली होती. तेव्हा दोन्हीकडे नुसती कुंपणाची भिंत असायची. आज कुंपणावरून पलीकडचं दिसत होतं. केळीचे हिरवे वाफे, त्यात उभं राहिलेलं पाणी, आणि लांबवर सातपुड्याची निळी रेघ. एवढं सगळं इथे होतं? पुन्हा पुन्हा तेच काय बघायला जाता, असं ती त्याला दर रविवारी विचारायची. तो नुसता हसायचा. कुंपणाच्या वर डोकं निघेल एवढी ही उंची त्याची होती. वर्षभर ती दारातून निघाली की कोणी ना कोणी विचारायचं, कधी येशील? इथे कोणी विचारत नव्हतं. ती रडली की नाही ते तिलाही कळलं नाही. वारा समोरून होता.

ऊन चढल्यावर ती परतली. ओट्याला लागून अलगद थांबली, आणि त्यावर पाय टेकवून उतरली.

आबा पाहुण्याकडे वळले. "प्रेमराज," ते म्हणाले, "जेवीसन जाय. गाडी मोकळीच लई जाय."

प्रेमराज ठिपक्याठिपक्यांनी हसला. बेबाबाई डोळे पुसत भाकरी टाकायला आत गेल्या आणि लोटननं उगाचच बेल वाजवून बघितली.

फक्त राणू हसत नव्हती. तिनं आईचा धुळीनं भरलेला हात घट्ट धरला आणि तिला खाली वाकवलं.

"आई, ओटा तर रिकामा होता. मी दोन्ही हातांनी बोलावत होते. मग तू थांबली का नाहीस?"