चाळीस फॉर्म, एक उत्तर

अबुजर लातुरात राहायला आला त्याच दिवशी घरमालकीण भामाबाईंनी त्याला विचारलं, "बारावी का रिपीटर?"

"एम.ए. करून राहिलो, मावशी. आर्थिक धोरण विश्लेषण."

"म्हंजी डॉक्टर न्हाई होत?"

"न्हाई."

"आगं बाई," म्हणत भामाबाईंनी त्याला खोलीची किल्ली दिली, आणि त्यानंतर आठ दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही. खोलीतले दोघे मेडिकलच्या सीईटीची तयारी करत. कानात कापसाचे बोळे घालून ते पहाटेपासून घोकंपट्टी करत, आणि अबुजरनं नुसतं "चहाला येता का?" विचारलं तरी घड्याळाकडे बघत. गल्लीत नऊ क्लास होते, चार मेस होत्या, हजारभर पोरं होती. पण त्याच्या विषयाचं नाव पुरतं ऐकून घेईल असा एक माणूस नव्हता. हिमायतनगरला घरी नऊ माणसं एका दस्तरखानावर जेवायची. इथे तो मेसमध्ये मुद्दाम हळूहळू जेवायचा, कारण तेवढा वेळ तरी समोर माणसं दिसायची. फार एकटा पडला होता बिचारा.

प्रबंधाची गावं जवळ पडतात म्हणून तो लातुरात राहिला होता; विद्यापीठ नांदेडला, आणि तिथल्या विभागातही या अभ्यासक्रमाचा तो एकुलता एक विद्यार्थी. पंचशीला मॅडम एका बाकाकडे बघून तासभर शिकवत, आणि सवयीनं त्याला "मित्रहो" म्हणत. त्यांनी बजावून ठेवलं होतं, की भूकंपग्रस्तांच्या पुनर्वसनावर चाळीस कुटुंबांचे फॉर्म सोमवारपर्यंत भरून आले नाहीत, तर प्रबंधावर सही नाही. सही नाही म्हणजे वर्ष गेलं.

शुक्रवारी तो औशावरून एसटीनं नव्या सारोळवाडीत उतरला. भूकंपाला दहा वर्षं झाली होती, आणि जुनं गाव सोडून माणसं इथे सरळ रेघेतल्या घरांत येऊन राहिली होती. परक्या माणसाला दार कोण उघडणार, या धास्तीनं अबुजर उतरल्या जागीच घुटमळत होता. थांब्यावर साहेबराव नावाचे निवृत्त कोतवाल बसले होते. त्याच्या हातातलं पॅड पाहून त्यांचा चेहराच खुलला.

"सर्वे हाय का?"

"हाव, काका. पण लोकं बोलतील का?"

"न बोलायला काय झालं? चल. चहा आधी का फॉर्म आधी?"

पहिल्याच घरी सरजाबाईंनी त्याला टोकलं. "आरं, असं एकदम घराच्या सवालावर येऊ न्हाई. आधी कुटुंबप्रमुखाचं नाव ईचार. मग वय. मग खोल्या."

"तुम्हाला कसं माहीत?"

"सव्वीस सर्वे झाले गावात," साहेबराव अभिमानानं म्हणाले. "एक तर जपानचा होता. आता दोन सालं झाली, कुणी फिरकलं न्हाई."

प्रश्न संपायच्या आत उत्तर येत होतं. चार वाजेपर्यंत चाळीस फॉर्म भरले आणि पोटात चौदा कप चहा गेला. परतीच्या गाडीत अबुजर स्वतःशीच हसत होता.

सोमवारी पंचशीला मॅडमनी पाच फॉर्म वाचले, दहा वाचले, मग चष्मा काढून ठेवला.

"अबुजर, चाळीसही घरांत खोल्या अपुऱ्या पडतात?"

"हाव, मॅडम."

"चाळीसही घरांत स्वयंपाकघरात धूर कोंडतो? आणि चाळीसही जण 'एकंदरीत समाधानी'?"

"तसंच सांगितलं त्यांनी."

"मग मी विश्लेषण कशाचं करू? खरं सांग, खोलीवर बसून भरलेस ना?"

अबुजरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून मॅडमनी आठ दिवसांची मुदत दिली. चाळीस कोरे फॉर्म घेऊन तो पुन्हा सारोळवाडीला गेला.

साहेबरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरातून एक जुनी वही आणली. तीत गावाची उत्तरं नंबरवार लिहिलेली होती.

"पहिल्या साली ज्याला जे वाटलं ते त्यानं सांगितलं," ते म्हणाले. "मेळ बसंना. सायब म्हणले, फेरतपासणी. आठ महिने घरांची यादी अडकली आन आमी पत्र्याच्या शेडात. तवा बैठक घेतली. सगळ्यांचं उत्तर एकच. तवापास्नं एक फॉर्म वापस आला न्हाई."

"माझे आले की, काका! वेगवेगळी उत्तरं पाहिजेत."

"एवढंच ना? ठिव ते फॉर्म हितं. सोमवारी नांदेडला आणून देतो."

"पण घरोघर जायाचं माझं काम हाय."

"तुझ्या वर्षाचा सवाल हाय, पोरा. तू लातूरला जा, निवांत झोप."

अबुजर गेला, पण निवांत काही झोपला नाही. पुन्हा तीच खोली, तेच कापसाचे बोळे.

सोमवारी साहेबराव परीटघडीचा सदरा घालून विभागात हजर झाले. मॅडम फॉर्म चाळू लागल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. कुणाचं स्वयंपाकघर ऐसपैस, कुणाचं गळकं, कुणी समाधानी, कुणी संतापलेला. "वा! याला म्हणतात माहिती," म्हणत त्यांनी सहीसाठी पेन उघडलं.

साहेबराव अबुजरच्या कानाशी लागले. "बैठक घेतली. चिठ्ठ्या टाकून उत्तरं वाटली. एकाचं दुसऱ्याशी जुळू दिलं न्हाई."

नुसतं गप्प बसलं असतं तरी वर्ष वाचत होतं.

"मॅडम, थांबा," तो म्हणाला. "हे बी खरे न्हाईत."

मॅडमचा हात थांबला. साहेबराव ओशाळले. "पोराचं नुकसान होऊ न्हाई म्हणून केलं, बाई."

"मग खरं काय आहे, काका?" मॅडमनी विचारलं.

"गावाचं?"

"तुमचं."

सव्वीस सर्व्हेंत हा प्रश्न साहेबरावांना असा कुणी केलाच नव्हता.

"दोन खोल्या हायत," ते म्हणाले. "अपुऱ्या कसल्या, एक रिकामीच हाय. मंडळी वारली, पोरगा पुण्याला. रोज झाडून ठिवतो, कुणी सर्वेवालं आलं तर बसायला."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "ही पहिली खरी माहिती. अबुजर, बाकीच्या घरांत असंच बसायला किती दिवस लागतील?"

"दोन महिने तरी, मॅडम."

वर्ष गेल्यात जमा होतं. निदान चेहरा तरी पाडायला हवा होता, पण काही केल्या तो पडेना. अबुजरनं घाईघाईनं कोरा फॉर्म काढला आणि साहेबरावांचं नाव लिहायला घेतलं. साहेबरावांनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"लिव्हणं मागनं," ते म्हणाले. "आधी लातूरहून सामान आण."