शलाकाचा उपास आणि दोन ओली पानं

एका जंगलात, जिथे प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या तोंडातल्या घासावर असायची, शलाका नावाची एक शेकरू राहायची. शेकरू म्हणजे मोठी खार, मुलांनो. तांबूस पाठ, पिवळट पोट आणि अंगापेक्षा लांब शेपटी. शलाका म्हणजे बारीक काडी. नाव ठेवलं तेव्हा ती तशीच होती. नंतर तिला कुमुदआत्याने वाढवलं.

कुमुदआत्या एका म्हाताऱ्या उंबराच्या ढोलीत राहायची. त्या ढोलीत आत्या, आत्याची सासू, आत्याची चुलतसासू, दोन जावा आणि नक्की कुणाचे ते कुणालाच ठाऊक नसलेले एक काका दाटीवाटीने राहत. शलाकाने कूस बदलली की काकांनाही बदलावी लागे. ती कुठे गेली होती, कुणाच्या झाडावर बसली होती आणि मघाशी एकटीच का हसली, याची रोज चौकशी होई.

शलाका तरुण होती. शिकलेली होती. पलीकडच्या डोंगरावर तीन वर्षं राहून झाडांचा अभ्यास करून आली होती. तिला आता स्वतःचं घरटं हवं होतं. बस, एवढंच.

जागाही तिने हेरली होती. डोहाच्या काठी एक जांभळीचं झाड होतं. डोहाचं पाणी बाराही महिने तेवढंच असायचं. झाडाची एक लांब, लवचिक फांदी थेट पाण्यावर गेली होती आणि तिच्या टोकाला घरट्यासारखं बेचकं होतं. तिथे वाराच वारा. आणि काका नाहीत.

ती शेकरूंच्या प्रमुखांकडे, दाजीसाहेबांकडे, फांदी मागायला गेली.

"एकटी राहणार?" दाजीसाहेबांनी विचारलं.

"हो."

"एकटी म्हणजे अगदी एकटी?"

"दाजीसाहेब, एकटीत दोन प्रकार नसतात."

दाजीसाहेबांनी मिशा साफ केल्या. "पूर्वीपासूनचा एक नियम आहे," ते म्हणाले.

मोठ्यांना एखादी गोष्ट द्यायची नसली, मुलांनो, की त्यांना पूर्वीपासूनचा नियम आठवतो.

"फांदीच्या टोकाला बसायचं. मी शंभर मोजेन. तोवर फांदी पाण्याला लागता कामा नये. लागली तर जागा धोक्याची. दर सोमवारी परीक्षा. या फांदीवरची जांभळं पिकेपर्यंत वेळ आहे. नाही जमलं तर फांदी माझ्या पुतण्याला, जयसिंगला. त्याचं ठरतंय."

शलाका टोकाला जाऊन बसली. फांदी सरळ पाण्यात गेली. शलाका पोटापर्यंत भिजली. दाजीसाहेब चारपर्यंतच पोचले होते.

"मी कधीची सांगतेय, वजन उतरव," कुमुदआत्या काठावरून म्हणाली. "बघ, कशी गारठलीस. हे घे, दोन गरे खा."

आता त्याच सुमारास जंगलात एक नवीन उपास आला होता. जुने उपास देवासाठी असत. हा कंबरेसाठी होता. आणि तो शिकवायला अजगरबुवा होते.

बुवा एका खडकावर पसरून बोलायचे. "मी महिन्यातून एकदाच खातो. बघा माझी कंबर."

कंबर नेमकी कुठे सुरू होते ते कुणालाच दिसलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्या दिवशी बुवांपुढे एकोणीस ससे बसले होते. शलाका गेली तेव्हा चौदा होते. बाकीच्या पाच जणांचं वजन संपूर्ण उतरलं, असं बुवांनी सांगितलं.

शलाका शिकलेली असल्यामुळे झाडावरूनच ऐकत होती.

बुवांची पद्धत सोपी होती. सूर्य पिंपळाच्या शेंड्यावर आला की तोंड उघडायचं. सूर्य टेकडीला टेकला की तोंड मिटायचं. मिटलेल्या वेळात पाण्याशिवाय काही नाही.

शलाकाने दुसऱ्याच दिवसापासून सुरुवात केली. ती सूर्याकडे अशी टक लावून बसे की सूर्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. शेंड्याच्या एक पान अलीकडे असला तरी ती उंबराला हात लावत नसे.

आणि काय सांगू, वजन उतरलं. दुसऱ्या सोमवारी फक्त पाय भिजले. तिसऱ्या सोमवारी अंग कोरडं राहिलं. फांदीच्या अगदी टोकाची दोन पानं तेवढी पाण्यात बुडाली.

"दोन पानं," दाजीसाहेब म्हणाले. "अगदी थोडक्यात गेलं."

शलाका आनंदात घरी आली. दोन पानं म्हणजे काय, पुढच्या सोमवारी सुटतीलच.

पुढच्या सोमवारी दोन पानं बुडाली. त्याच्या पुढच्या सोमवारी दोन. त्याच्याही पुढच्या सोमवारी तीच दोन. शलाकाला आता त्या पानांच्या शिरा पाठ झाल्या होत्या.

"ती दोन पानं कुरतडून टाकली तर?" तिने विचारलं.

"परीक्षेच्या फांदीला दात लावायचा नाही," दाजीसाहेब म्हणाले.

शलाका बुवांच्या खडकाशेजारच्या झाडावर गेली. खाली दहा ससे होते.

"बुवा, पहिले दोन आठवडे भराभर उतरलं. आता तीन आठवडे वजन हलतच नाही."

"याला अडणं म्हणत नाहीत, बाळ. याला मुक्काम म्हणतात."

"किती दिवसांचा मुक्काम?"

"ते तुझ्या शरीराला विचार."

"विचारलं. ते म्हणतं, भूक लागलीय."

बुवांनी डोळे मिटले. अजगराला पापण्याच नसतात, तेव्हा त्यांनी ते कसं केलं ठाऊक नाही. "शरीराला चकवावं लागतं," ते म्हणाले. "एक दिवस काहीच खाऊ नकोस. दुसऱ्या दिवशी भरपूर खा. ते गोंधळेल आणि वजन सोडून देईल."

शलाकाने तेही केलं. शरीर गोंधळलं नाही. एक दिवस ते गप्प राहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही दिवसांचं मागून घेतलं. मग तिने रोज झाडाला पन्नास फेऱ्या घातल्या. त्याने भूक तेवढी वाढली.

मग एका सकाळी, सूर्य पिंपळाच्या बुंध्याशीच असताना, चुलतसासूने शलाकाच्या हातावर एक पिकलेलं उंबर ठेवलं. शलाकाने ते तोंडात टाकलं आणि पुन्हा सूर्याकडे बघत बसली. खायची वेळ व्हायची होती.

अर्धं उंबर गिळून झाल्यावर तिचं डोकं चाललं.

तुम्हाला सांगायला हवं, मुलांनो. शेकरूंमध्ये एक रीत आहे. मोठ्यांनी हातावर ठेवलेलं खाणं हे खाणं धरत नाहीत. ती माया असते. मायेला नाही म्हणायचं नसतं आणि मायेने उपास मोडत नाही. सकाळी चुलतसासूचं उंबर ही माया होती. उन्हं चढताना सासूबाईंचा आंबा ही माया होती. सूर्य टेकडीआड गेल्यावर आत्या जे गरे आणायची आणि म्हणायची, "उरलेत गं, आता काय टाकायचे?" तीही मायाच होती. धाकट्या जावेने नवीन बी फोडलं की, "चव बघ, कडू नाही ना?" हीसुद्धा. इतके आठवडे शलाका पानाच्या अंतराने वेळ पाळत होती आणि दिवसभर माया खात होती. तिने कुणाला फसवलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की ती उपाशी आहे.

त्या संध्याकाळी आत्याने गरे पुढे केले.

"नको," शलाका म्हणाली.

दोन्ही जावांनी माना वळवून बघितलं. काकांनी तर कूसही बदलली.

"माझ्या हातचं नको?" आत्या म्हणाली.

"आत्या, तूच म्हणतेस ना, वजन उतरव."

"वजन उतरव म्हटलं. खाऊ नकोस असं कधी म्हटलं?"

"शिकायला पाठवलं तिथेच चुकलं," काका भिंतीकडे बघत म्हणाले.

सासूबाईंनी डोळे पुसले. चुलतसासूने त्यांना धीर द्यायला एक गरा दिला. शलाका मात्र हलली नाही. सगळा आठवडा तिने कुणाच्या हाताकडे बघितलं नाही. खरी भूक कशी असते ते तिला कळलं. तिची शेपटी बारीक दिसायला लागली. बरगड्यांवरून वारा गेलेला जाणवायला लागला. ती आत्ता खरोखर काडी झाली होती.

सोमवारी ती फांदीच्या टोकावर अलगद बसली.

दोन पानं बुडाली.

दाजीसाहेबांनी मोजणं थांबवलं. काठावर कुमुदआत्याही आली होती. रुसलेली होती, पण आली होती. शलाकाने खाली बघितलं. दोन पानं. मग तिने वर बघितलं. पहिल्या सोमवारी फांदीवर मोहरीएवढी हिरवी जांभळं होती. आता तीच टपोरी होऊन घोसाघोसाने लोंबत होती. ती जेवढी उतरत होती, तेवढी जांभळं भरत होती.

"दाजीसाहेब," ती म्हणाली, "फांदीला माझा भार होत नाहीये. जांभळांचा होतोय."

"असेल."

"मग ती काढून मोजू या."

"परीक्षेच्या फांदीला हात लावायचा नाही."

शलाका उपाशी होती. उपाशी प्राण्याला दोन गोष्टी फार लवकर येतात. एक राग आणि दुसरी अक्कल.

"जयसिंगची परीक्षा कोणत्या सोमवारी आहे?" तिने विचारलं.

"जोडप्याला कसली परीक्षा?" दाजीसाहेब म्हणाले.

"दोघांचं वजन एकीपेक्षा कमी असतं का?"

कुमुदआत्याला राहवलं नाही. "अगं, लग्न झाल्यावर आम्ही याच फांदीवर होतो. मी, तुझे आतोबा आणि चार पिल्लं. सगळी फांदी पाण्यात असायची. मला तर घरट्यातूनच वाकून पाणी पिता यायचं. फार सोय होती."

"आणि फांदी मोडली नाही?"

"मोडायला काय झालं? जिवंत फांदी आहे, वाकणारच. आमच्या आधी तर इथे हे दाजीसाहेबच राहायचे. यांचं वजन म्हणशील तर तेव्हासुद्धा..."

"कुमुद," दाजीसाहेब म्हणाले.

 पण आत्याचं बोलायचं ते बोलून झालं होतं.

"दाजीसाहेब, ही परीक्षा आजवर किती जणांनी दिली?"

"तूच पहिली. एकटीने फांदी मागायला कुणी आलंच नव्हतं."

"मग नियम पूर्वीपासूनचा कसा?"

"मी पूर्वीपासूनचा आहे," दाजीसाहेब म्हणाले.

शलाकाने यावर वाद घातला नाही. ती फांदीवरून उतरली, काटक्या गोळा केल्या, हिरवी पानं गोळा केली आणि दुसऱ्या दिवशी सूर्य कुठे आहे ते न बघता फांदीच्या टोकाला घरटं बांधून टाकलं. घरट्याचा भार, जांभळांचा भार आणि तिचा भार मिळून आता चांगली पंधरावीस पानं पाण्यात गेली.

तिसऱ्या दिवशी पंचमंडळी आली. दाजीसाहेब धरून सात जण होते. फांदी जिथे खोडातून फुटते तिथे ते ओळीने बसले. सातही जणांचं सकाळचं झालेलं होतं, हे त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं.

"फांदी पाण्याला लागलीय," दाजीसाहेबांनी सुनावलं.

"लागलीय," टोकावरून शलाका म्हणाली.

"मग नियमाप्रमाणे खाली उतर."

"मी नाही उतरत. येऊन उतरवा."

दाजीसाहेबांनी फांदीवर पुढचा पाय ठेवला. मग दुसरा. फांदी कुरकुरली आणि आणखी चार पानं पाण्यात बुडाली. सहाही पंचांनी ती बुडताना बघितली.

"जपून, दाजीसाहेब," शलाका म्हणाली. "ज्याच्या भाराने फांदी पाण्याला लागते, त्याने फांदीवर यायचं नसतं. मी नियम मोडलाच आहे, माझं काय जायचं? पण तुम्ही नियमाने चालणारे. जो परीक्षा पास झालाय, त्याला पाठवा माझ्याकडे. मी मुकाट्याने उतरते."

दाजीसाहेबांनी दोन्ही पाय मागे घेतले. पंचांनी एकमेकांकडे बघितलं. मग एकमेकांच्या पोटांकडे बघितलं. परीक्षा पास झालेलं त्या जंगलात कुणीच नव्हतं.

"जयसिंगला पाठवू या," एक पंच म्हणाले.

"तो तर माझ्याहून गरगरीत आहे," दाजीसाहेब म्हणाले. पुतण्याबद्दल खरं बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"अजगरबुवांना बोलवायचं का?" दुसरे पंच म्हणाले. "ते फांदीवर सरपटत जातील. शिवाय महिन्यातून एकदाच खातात."

"या महिन्याचं झालंय का त्यांचं?" तिसऱ्यांनी विचारलं.

ते कुणालाच माहीत नव्हतं. विषय तिथेच थांबला.

मंडळी तशीच बसून राहिली. सूर्य पिंपळाच्या शेंड्यावर आला. पंचांची जेवायची वेळ झाली, तेव्हा पुढचा विचार जेवून करू, असं एकमताने ठरलं आणि बैठक उठली. जेवल्यावर ती मंडळी फांदीवर यायला आणखीच नालायक होणार होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

फांदी वाऱ्यावर पाण्यात बुडत होती आणि वर येत होती. शलाकाने हात लांब करून एक टपोरं जांभूळ तोडलं. मग दुसरं. पोट भरल्यावर ती थांबली आणि पाय पसरून झोपली. कूस बदलताना तिला कुणाची परवानगी लागली नाही.

तात्पर्य: मुलांनो, थोरामोठ्यांना कधी उपाशी ठेवू नये. त्यांच्या हातावर दिवसभर काही ना काही मायेने ठेवत राहावं. ते जितके जड होतील, तितकं आपलं घर सुरक्षित.