हॉलची मोजणी

मुलीला वळण लावायचं काम बायकोच्या हातातून काढून मी स्वतःकडे घेतलं, आणि तिथेच माझी गाडी रुळावरून घसरली.

आमची कन्या पाच वर्षांची. घरात तिला आम्ही ढमी म्हणतो. जीव लावावा तर ढमीनं. फक्त तिनं जीव लावला की समोरच्याचा जातो. बोलायचं असलं की ती नाकाला नाक लावून बोलते. कुणी आवडलं की मागून येऊन गळ्यात पडते. शेजारी बस म्हटलं तर मांडीवर बसते. (हा गुण तिच्या आईकडचा असावा. माझ्याकडचे नातेवाईक शेजारीसुद्धा बसत नाहीत.) परवा शाळेतून टीचरचा फोन आला. ढमी दिसली की मुलं पळतात, डब्याच्या वेळी कुणी तिच्याजवळ बसत नाही. "फार गोड आहे हो," टीचर म्हणाल्या, "पण मुलांना श्वास घ्यायला तरी जागा हवी ना!"

संध्याकाळी ढमी गाल फुगवून माझ्याजवळ आली. "बाबा, मला कुणी खेळायला घेत नाही. मी तर सगळ्यांना मिठी मारते."

बायको म्हणाली, "त्यात काय? जवळ जायच्या आधी विचारायचं, नको म्हणाले तर थांबायचं. खेळता खेळता शिकेल."

"अगं, हा जागेचा प्रश्न आहे! आणि जागा म्हणजे माझं खातं."

सांगायचं राहिलं, मी मोजणी कचेरीत आहे. भावाभावांच्या जमिनी मोजून मध्ये हद्दीचे दगड रोवायचे, हे माझं काम. (मोजणी सुरू होईपर्यंत ते भाऊ एकमेकांशी बोलत असतात. नंतरचं बघायला मी थांबत नाही.)

रविवारी ढमीच्या वर्गातली तीन मुलं घरी बोलावली. एक दोन वेण्यांची मुलगी, एक पुढचे दात पडलेला मुलगा आणि तिसरा, प्रत्येक गोष्टीला "का?" विचारणारा, म्हणून वर्गात ज्याला वकील म्हणतात तो. बायको भाजी आणायला बाहेर पडली. मी मुलांसाठी दूध तापत ठेवलं, टेप काढली, आणि खडूनं हॉलमध्ये चार चौकोन आखले.

"ही तुमची तुमची हद्द. दुसऱ्याच्या हद्दीत जायचं तर विचारायचं. नको म्हणाले तर थांबायचं. कळलं?"

"कळलं!" चौघंही ओरडली. मला धन्य धन्य वाटलं.

पाहुण्यांना मोक्याची जागा द्यावी म्हणून वेण्यांना खिडकी दिली, दात पडलेल्याला सोफा, वकिलाला स्वयंपाकघराच्या दारासमोरचा चौकोन. ढमीच्या वाट्याला बेडरूमच्या दाराआडचा कोपरा आला. आपलंच पोर, ते कुठेही बसेल!

थोड्याच वेळात वेण्यांचा चेंडू सोफ्याखाली गेला.

"माझा चेंडू दे."

"माझ्या हद्दीत आलाय."

"पण चेंडू माझाय!"

"जमीन माझीये!"

वकील लांबून म्हणाला, "तिनं चेंडू मुद्दाम टाकलाय. सोफा घ्यायचाय तिला." शपथेवर सांगतो, यातलं एकही वाक्य मी शिकवलं नव्हतं. ही वाक्यं मी रोज कचेरीत ऐकतो, तिथे बोलणाऱ्यांना मिशा असतात, एवढाच फरक.

ढमी मात्र कोपऱ्यात दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. मी वाकलो तशी हळूच म्हणाली, "बाबा, मी कुणाला हात पण लावला नाही. आता घेतील ना मला खेळायला?"

कुणी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हतं. इतकी शहाणी झालेली ढमी मला अजिबात आवडली नाही. रडू येईल असं वाटलं, म्हणून "दूध बघून येतो" म्हणत उठलो, आणि तेवढ्यात खरोखरच करपट वास आला.

"बाजूला हो बाळा, दूध उतू जातंय."

"विचारा आधी," वकील म्हणाला.

"येऊ का?"

"का?"

"अरे, दूध!"

"नको."

"नको काय नको?"

"नको म्हटलं की थांबायचं. तुम्हीच सांगितलंत, काका."

आणि मी थांबलो. (सांगायला लाज वाटते, पण थांबलो. सरकारी नोकरीत नियमापुढे पाय आपोआप थांबतात.) शेवटी कचेरीची अब्रू गुंडाळून ठेवली, वकिलाच्या हद्दीवरून उडी मारली आणि गॅस बंद केला. मोठ्या ऐटीत वळलो, तो फरशीवरच्या दुधावरून पाय सटकला. दारातून बसल्या बसल्या बाहेर आलो, वाटेतल्या सगळ्या हद्दी विजारीनं पुसल्या आणि थेट सोफ्यावर आदळलो. दात पडलेला घाबरून भोकाड पसरून रडायला लागला.

ढमी उठली. धावली. आणि सोफ्याच्या एक पाऊल अलीकडे थांबली. पुसल्या गेलेल्या रेघेपाशी!

"मी येऊ? मिठी हवी?"

त्यानं हुंदका गिळला. "मिठी नको. हात दे."

ढमीनं हात दिला. नुसता हात.

वेण्या म्हणाल्या, "मला पण." वकिलानं पहिल्यांदाच "का?" विचारलं नाही, तोही आला. दोन मिनिटांत चौघं दाराआडच्या कोपऱ्यात गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. ढमीला मध्ये बसवलं होतं, आणि ती अशी हसत होती की माझं दुखणं मी विसरलो.

मलाही मोह झाला. लंगडत गेलो आणि रीतसर विचारलं, "मी येऊ?"

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. ढमी माझी समजूत काढत म्हणाली, "बाबा, विचारलंस ते खूप छान केलंस हं. पण नको."

मागे बाहेरचं दार उघडलं. भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बायकोनं मुलं बघितली, फरशी बघितली, माझी विजार बघितली, आणि शांतपणे फडकं माझ्या हातात दिलं.

"चला, आपापली हद्द पुसून घ्या."

"माझी हद्द कुठवर?" मी विचारलं.

"दूध गेलंय तिथवर."