कोष्टीपुऱ्यातला ठसका थांबला

"तिखट? अन् मले? अरे, माह्या पोटात लोखंड बी विरघळते!" असं भैयाजी कोष्टीपुऱ्यात छाती ठोकून सांगत असे. आणि एकोणीसशे चौपन्नच्या दिवाळीपर्यंत ते खोटंही नव्हतं. त्याच्या बायकोनं, रुख्माबाईनं, रस्स्याला फोडणी दिली की शेजारचे तीन हातमाग थांबत. विणकर मंडळी पोटभर शिंकून घेत, मगच धोटा पुन्हा चालू होई!

दिवाळीनंतर मात्र भैयाजीच्या बेंबीच्या वर कुणी शेगडी पेटवावी तशी आग होऊ लागली. घास गिळला की मळमळ, नाही गिळला की जळजळ. शेवटी तो लपतछपत महाल भागातल्या डॉक्टरकडे गेला.

डॉक्टरांनी पोट दाबलं. भैयाजी किंचाळला.

"जठराच्या आतल्या अस्तराला सूज आहे."

"सूज? बाहेरून तं काहीच दिसून नाही राहिलं!"

"कोटाचं अस्तर बाहेरून दिसतं का?"

कापडाची भाषा भैयाजीला चटकन कळली.

"सकाळी उठून काय घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"चहा, तंबाखू अन् डोकेदुखीची पुडी. मागावर बसलं का डोकं दुखते नं!"

"उपाशीपोटी? रोज?"

"रोज दोन."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आधी ती पुडी बंद! तीच अस्तर कुरतडतेय तुमचं. चहा, तंबाखू, मिरचीही बंद. मऊ खिचडी खा, थोडी थोडी, पण वेळेवर. उपाशी राहायचं नाही. आणि उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर तडक इकडे यायचं!"

घरी येऊन भैयाजीनं दार लावून घेतलं. "हे कोनाले सांगू नोको वं! लोखंडवाला खिचडीवर आला म्हनतीन. इज्जत जाईन माही!"

"नाही सांगत. माह्या मायची आन!" रुख्माबाई म्हणाली. नवऱ्याला मोह नको म्हणून तीही खिचडीच खाऊ लागली, आणि घरातली फोडणी थांबली.

चौथ्या दिवशी शेजारची वच्छलाबाई कुंपणावरून डोकावली. "काहून वं रुख्मा, चार दिवसांत मले एक शिंक नाही आली! चूल बंद हाय का?"

"नाही बाई, सुरू हाय."

"मंग ठसका काहून नाही?"

रुख्माबाई पदर सावरत आत पळाली. ती पळाली म्हणजे पाणी मुरतंय कुठंतरी! दुपारी नळावर बातमी होती, नवरा-बायकोत वाजलं. संध्याकाळपर्यंत त्याच बातमीत तिनं रांधणंच सोडलं होतं. त्यात भैयाजी वाळून सुतासारखा झालेला! कुणीतरी उमरेडला तिच्या माहेरी कार्डही टाकलं.

आठव्या दिवशी तिचा भाऊ श्रावण तणतणत हजर झाला. त्याच्याबरोबर समाजाचे पंच महादेवराव आणि मागोमाग अर्धा कोष्टीपुरा!

"बाई, गाठोडं बांध! चाल उमरेडले!" श्रावण गरजला.

रुख्माबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण आण काही तिनं मोडली नाही.

"थांब गा श्रावण," महादेवराव म्हणाले. "भांडन नसन, तं दोघं एका ताटात जेवा. आमी पाहून राहिलो."

वच्छलाबाईनं लगेच स्वतःच्या घरचा रस्सा आणून पुढं ठेवला. वर दोन बोटं लाल तर्री! भैयाजीच्या अस्तरानं आतूनच हात जोडले. तरीही इज्जतीखातर त्यानं घास मोडला. रुख्माबाईनं त्याचा हात धरला आणि पुटपुटली, "खाऊ नोका!"

"ऐकलं का?" वच्छलाबाई ओरडली. "शेजारचं बी जेवू नाही देत नवऱ्याले!"

श्रावणनं गाठोड्यासाठी लुगडं अंथरलं. आता मात्र भैयाजीला राहवेना. इज्जत गेली खड्ड्यात, इथं बायको चालली होती!

"तिचा काहीच कसूर नाही!" तो उभा राहून ओरडला. "माह्या पोटाच्या अस्तराले सूज आली हाय! मीच खिचडी खाऊन राहिलो! मले तिखट झेपत नाही!"

मग महादेवरावांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"पाहा गा, पाहा! बायकोची चूक झाकासाठी मानूस सोताच्या पोटाले बट्टा लावून राहिला! अन् कोन? भैयाजी!"

"अवो, खरंच सूज हाय! डॉक्टरले इचारा!"

"पोटाले कुठं अस्तर असते का?" श्रावणनं गहिवरून त्याला मिठीच मारली. "भाऊजी, तुमी देवमानूस!" आणि बहिणीकडं वळून म्हणाला, "अन् तू! अशा नवऱ्याले रांधून नाही घालत?"

भैयाजीचे गोडवे गात मंडळी पांगली. रुख्माबाईनं दार लावलं आणि कमरेवर हात ठेवले.

"मी तुमची इज्जत राखली, अन् माही गेली!"

"अवं, पन मी तं खरं तेच..."

"मी रांधत नाही म्हनते नं जग? मंग आता नाहीच रांधत! उद्यापासून चूल तुमची!"

सकाळी भैयाजी फुंकणी घेऊन चुलीपुढं बसला. डोळे चुरचुरले, खिचडी बुडाला लागली. वच्छलाबाईनं डोकावून पाहिलं आणि धावत जाऊन नवऱ्याला बोलावून आणलं. "पाहा जरा! मानूस असावा तं असा!"

महिनाभरात भैयाजीच्या पोटातली आग पार विझली. पण तोवर गल्लीतल्या चार बायकांनी आपापले नवरे चुलीपुढं बसवले होते, आणि कोष्टीपुऱ्यातला एकही पुरुष भैयाजीशी बोलत नव्हता!