टिपणीसांचं सायन

आमच्या जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गणपतीत टिपणीसकाकांना सगळं करायची मुभा आहे. मखर बांधावं, मोदकांना कळ्या पाडाव्यात, विसर्जनाची बादली उचलावी. फक्त त्यांच्या हातात टाळ द्यायचे नाहीत. मंडळाचा हा अलिखित नियम आहे, आणि तो मोडला की काय होतं ते मी या कानांनी ऐकलं आहे.

एका वर्षी आरतीला टाळांची एक जोडी उरली आणि पुण्याहून नव्याने आलेल्या एका भाबड्या माणसाने ती काकांना दिली. आरती सुरू झाली. सगळ्यांचा ठोका समेवर, काकांचा नाही. समेला त्यांचे टाळ हवेत, आणि तिसऱ्या मात्रेला असा ठण्णदिशी ठोका, की निरांजन घेऊन उभी असलेली माझी बायको मानसी दचकली. दुसऱ्या कडव्यापर्यंत निम्मं मंडळ काकांच्या मागे गेलं, निम्मं तबल्याच्या. तिसऱ्याला तर दोन वेगवेगळ्या आरत्या चालू होत्या आणि गणपती मधल्या मध्ये अडकला होता.

प्रसाद वाटताना अध्यक्ष नेनेबाई म्हणाल्या, "काका, सम चुकते हो तुमची."

"चुकत नाही, मी ती सोडतो," काका शांतपणे म्हणाले. "पहिली मात्रा मोकळी ठेवायची. तिथे धावत जाऊन बसायची घाई कशाला? जमैकात सगळे तिसऱ्यावरच येतात."

जमैकाला काका कधीही गेलेले नाहीत.

श्रीधर टिपणीस आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. वय साठीला टेकलंय. हॉस्पिटलातल्या स्कॅनच्या मशीनचा आवाज कमी कसा करायचा, हे त्यांचं नोकरीतलं काम. दिवसभर ठकठक ऐकून आलेला माणूस संध्याकाळी शांतता मागेल असं आपल्याला वाटतं. काका हातपाय धुतात आणि रेकॉर्ड लावतात. त्यांच्याकडे रेकॉर्ड एकच आहे. सत्तरच्या दशकातली, किंग्स्टनच्या पत्र्याच्या वस्तीतल्या पोरांनी गायलेली, रेगे संगीताची. "दुसरी एखादी आणा की," असं मी एकदा बोलून गेलो. "पोथी वाचणाऱ्याला कुणी म्हणतं का, की आता एखादी कादंबरी आणा?" ते म्हणाले.

पोथीसारखेच तिचे नियमही आहेत. चहा आधी प्यायचा, मध्ये उठायचं नाही, फोन चपलांशेजारी ठेवायचा. एक बाजू ऐकून कुणी "छान आहे हं" म्हणत उठायला लागलं, की काका त्याला हाताला धरून खाली बसवतात. "एक बाजू ऐकून निकाल देऊ नये. पहिल्या बाजूला राग आहे, दुसऱ्या बाजूला प्रार्थना. राग न येता केलेली प्रार्थना म्हणजे खुशामत."

खालच्या मजल्यावरची म्हातारी एकदा तक्रार घेऊन वर गेली. रविवार, रुहेत्साइट, म्हणजे कायद्याने शांत बसायची वेळ, आणि वरून ढोल. काकांनी तिला आदराने आत घेतलं आणि दोन्ही बाजू ऐकवल्या. येताना ती रागात होती आणि जाताना प्रार्थनेत, असं काका सांगतात. काकू सांगतात की तिला डुलकी लागली होती. काही असो, तेव्हापासून ती दिसली की काकांना हात करते.

काकांच्या जगात शत्रू एकच, बाबिलोन. हा शब्द त्या रेकॉर्डमधला, आणि रेकॉर्डमध्ये आला तो जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांकडून. यांच्या पूर्वजांना आफ्रिकेत पकडून, साखळ्या घालून जहाजांत कोंबलं, उसाच्या मळ्यांत विकलं, त्यांची नावं पुसून मालकांची नावं चिकटवली. ज्या व्यवस्थेने हे केलं आणि वर त्याला कायदा म्हटलं, ती बाबिलोन. बायबल त्यांच्या हाती मालकानेच दिलं, पण त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. बाबिलोन नावाच्या परमुलखात कैद होऊन रडणारी माणसं त्यात भेटली, तेव्हा ती आपणच असं त्यांना वाटलं. इथिओपियाच्या सम्राटात त्यांना देव दिसला, कारण तोवर भेटलेल्या सगळ्या देवांचा रंग मालकाचा होता. हे सांगताना काकांचा आवाज खाली जातो आणि ऐकणाऱ्याची थट्टा करायची हिंमत होत नाही.

थट्टेची सोय काका नंतर स्वतःच करून देतात, कारण बाबिलोनची हद्द त्यांनी भलतीच वाढवून ठेवली आहे. ऐनवेळी बदललेला प्लॅटफॉर्म, बाबिलोन. कचऱ्याचे चार रंगांचे डबे, बाबिलोन. मीटिंगमध्ये 'आल्झो', म्हणजे 'तर मग', म्हणून सुरू होणारं आणि संपता न संपणारं वाक्य तर बाबिलोनची राजधानी. एकदा काकूंनी पथ्य म्हणून बिनसाखरेचं श्रीखंड केलं. काकांनी चव घेतली आणि वाटी दूर सारली.

"अहो, श्रीखंडच आहे ते," काकू म्हणाल्या.

"असेल. तिकडचं आहे."

आता ही रेकॉर्ड त्यांना भेटली कशी, ते सांगायला हवं. काका शिकायला आले तेव्हाचा पहिला हिवाळा. खोलीत एकटे, मराठी बोलायला चिटपाखरू नाही. जुन्या बाजारात हातमोजे शोधत फिरत होते. एका टेबलामागे रेकॉर्ड वाजत होती. म्हणायला इंग्रजी, पण काही केल्या शब्द कळेनात. मग एक कळला. गाणारा काकुळतीला येऊन पुन्हा पुन्हा सांगत होता, की त्याला सायनला जायचंय.

आणि टिपणीस जन्माने सायनचे. मुंबईतल्या. सायनच्या किल्ल्याखाली त्यांचं घर.

"मी हातमोजे खाली ठेवले," काका सांगतात. "म्हटलं, हा आपल्याकडचा कोण? आणि ह्याला तिकडे जाऊ कोण देत नाहीये? मला रडूच फुटलं. विकणारा घाबरला. त्याने रेकॉर्ड माझ्या हातात दिली, म्हणाला घेऊन टाक."

तो शब्द झायन आहे, म्हणजे वचन दिलेली भूमी, आफ्रिका, जिथून उचलून आणलं ते घर, हे त्यांना बऱ्याच दिवसांनी समजलं. "मग हिरमोड झाला असेल," मी म्हटलं. "छे. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, कुणी पोचलं नाही, तरी गाणं थांबलं नाही. मला तर नुसतं विमानात बसायचं होतं. लाज वाटली आणि अभ्यासाला लागलो." काका आजही झायन म्हणत नाहीत. सायनच म्हणतात.

या रेकॉर्डवर गणेशोत्सवात बोलू द्या, असं काका दरवर्षी मागत आणि नेनेबाई दरवर्षी त्यांना फॅन्सी ड्रेसचे परीक्षक करत. यंदा मात्र त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. कारण होतं रेवा.

रेवा ही त्यांची एकुलती एक. इथेच जन्मली, इथेच युनिव्हर्सिटीत शिकते. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती बसने घरी येत होती. चांगल्या कपड्यातला एक माणूस तिच्याकडे वाकला आणि लहान मुलाला सांगावं तसं सावकाश म्हणाला, "गेह नाख हाउजे." घरी जा. रेवाने सांगितलं, "जातेच आहे, अजून दोन स्टॉप आहेत." बसमध्ये कुणीही तोंड उघडलं नाही. घरी तिने हे हसत हसत सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती सायकलने जायला लागली.

"व्यायाम होतो म्हणते," काकू जिन्यात मानसीला म्हणाल्या. "धो धो पावसात कसला गं व्यायाम?"

काका काहीच बोलले नाहीत. बाबिलोनही म्हणाले नाहीत, आणि त्याचीच मला भीती वाटली. ते सरळ नेनेबाईंकडे गेले. "यंदा मी बोलणार. वेळ दिलात तर स्टेजवर बोलेन, नाही दिलात तर प्रसादाच्या रांगेत." अंताक्षरी आणि महाप्रसाद यांच्या फटीत त्यांना बसवण्यात आलं.

सायनचा किस्सा झाला, हॉल हसला. "काका, सायनला की माटुंग्याला?" असं मागून कुणीतरी ओरडलं, अजून हशा झाला. काका थांबले. "घरी जायचंय, असं गाणारा स्वतःशी म्हणतो तेव्हा ती प्रार्थना असते," ते म्हणाले. "तेच परक्याने बसमध्ये सांगितलं की शिवी होते. शब्द तोच. या लोकांनी तो शब्द शिवी देणाऱ्याच्या हातातून काढून घेतला आणि त्याला चाल लावली. आपलं घर कुठलं ते आपण सांगायचं. माझं सायनला होतं. माझ्या मुलीचं इथे आहे. तिला तिथे बसने जाता आलंच पाहिजे."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. शेवटच्या रांगेतली रेवा लालबुंद होऊन उठली आणि बाहेर निघून गेली. अख्ख्या गावाला सांगायची काय गरज होती, असं तिने घरी विचारलं म्हणे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सायकलवर होती. वरच्या मजल्यावरून रेकॉर्डचा आवाज यायचा थांबला. खालच्या म्हातारीने मला गाठून विचारलं, 'हेर टिपनिस', म्हणजे टिपणीससाहेब, आजारी आहेत का?

थंडी पडली आणि एक दिवस काकू खुशीत सांगत आल्या, रेवा परत बसने जाते. मला वाटलं, थंडीपुढे कुणाचं काय चालतं. पुढच्याच आठवड्यात माझी सायकल पंक्चर झाली आणि संध्याकाळी मी त्याच बसमध्ये चढलो. पुढे रेवा बसली होती. अगदी मागच्या सीटवर एक भलंमोठं उघडलेलं वर्तमानपत्र होतं आणि त्याच्याखाली टिपणीसकाकांचे बूट. मी चक्रावलो. काकांचं ऑफिस आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं, आणि तेही या बसच्या उलट्या दिशेला.

मी जवळ गेलो. "बोलू नकोस, तिला कळेल," काका कुजबुजले. "भाषणाने काय होतं? शेवटी सीटवर येऊन बसावं लागतं. आता कुणी तोंड उघडलं तर मी आहे. आणि कुणी नाही उघडलं तरी मी आहेच. तू पुढे जा."

मी पुढे गेलो. रेवाने सीटवरची बॅग उचलली. मान न वळवता ती हळूच जर्मनमध्ये म्हणाली, "बाबा ठीक आहेत ना मागे?"

मी शेजारी बसता बसता मागे पाहिलं, वर्तमानपत्र जागचं हललं नव्हतं.

"मी सायकलवर होते. सिग्नलला ही बस शेजारी थांबली. वर पाहिलं तर आत बाबा. मी बसमध्ये नाही हे त्यांना माहीत होतं. तरी बसले होते, एखाद दिवशी मी चढले तर म्हणून. एकटेच." मांडीवरची बॅग तिने सरळ केली. "मला सायकलच बरी वाटते. पण त्यांनी असं किती दिवस रिकामं फिरायचं? त्यांना सांगू नका मला माहीत आहे ते. सांगितलं तर ते बंद करतील, आणि घरी बसून काळजी करत राहतील."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

स्टॉप आला. रेवा पुढच्या दाराने उतरली आणि काका मागच्या दाराने. वर्तमानपत्राची घडी काखेत मारून, बरंच अंतर ठेवून ते तिच्या मागून निघाले. हल्ली त्यांचा डावा गुडघा दुखतो. रेवा अगदी सावकाश चालत होती. स्टॉप माझाही तोच होता. मी पुढच्या स्टॉपवर उतरलो.